मामाचं डबडं आणि तीन मेलेली कार्डं

(या भागाचं हे लेखी रूप आहे. बोलताना आलेले ‘अं...’ आणि मधेच दोनदा भुंकलेला कुत्रा काढून टाकलाय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मेमरी कार्डावर आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये, घरातल्या राउटरमध्ये आणि माझ्या मामांच्या द्राक्षबागेतल्या एका प्लास्टिकच्या डब्यात जी फ्लॅश मेमरी असते, ती कशी जगते आणि कशी मरते, त्याची ही गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी मी मामांच्या बागेत एक रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू बसवला. दिंडोरी तालुक्यात दोन एकर बाग आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा च्युइंगगमच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर आहे. ५१२ एमबी रॅम, आत हार्ड डिस्क वगैरे काही नाही. मायक्रो एसडी कार्ड घालायचं, त्याच्यावर लिनक्स टाकायचं, चालू. त्याला तापमान आणि हवेतला दमटपणा मोजणारा एक सेन्सर जोडला. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीची भीती असते. रात्री पानं किती तास ओली राहिली आणि हवा किती दमट होती, यावर सकाळी फवारणी करायची की नाही ते ठरतं. फवारणी म्हणजे औषध, डिझेल आणि माणसाचा अर्धा दिवस. म्हणजे आकडे नुसते हौसेचे नव्हते.

बागेत इंटरनेट नाही. मग पायलाच वायफाय हॉटस्पॉट केलं. मामा पंपाच्या खोलीजवळ उभे राहून फोनवर एक पान उघडायचे, त्यात रात्रीचा आलेख दिसायचा. पहिला आठवडा मामा शेजारच्या बागवाल्यांना बोलावून बोलावून दाखवत होते.

मग ऑक्टोबरच्या मध्यात फोन आला. ‘काय रे, तुझं ते डबडं मेलं वाटतं. पानच उघडंना.’

शनिवारी गेलो. कार्ड लॅपटॉपला लावलं तर फाइल सिस्टिमचा चुराडा झाला होता. मी म्हटलं, कार्ड स्वस्तातलं होतं, तेच खराब निघालं. नवं घातलं. ते नोव्हेंबरच्या मध्यात गेलं. नेमका फुलोरा, त्यात अवकाळी पाऊस झालेला. ज्या चार रात्रींचे आकडे सगळ्यात जास्त हवे होते, त्याच चार रात्रींचे नाहीत. मामांनी मग जुन्या सवयीने, अंदाजाने फवारण्या केल्या. त्यातली कुठली लागत होती आणि कुठली नव्हती, हे आता कधीच कळणार नाही. मामा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तिसरं कार्ड चांगलं महागाचं घेतलं, पाकिटावर ‘जास्त टिकणारं’ असं लिहिलेलं. ते डिसेंबरात गेलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली की दोष कार्डाचा नाही, माझा आहे.

आता फ्लॅश म्हणजे काय ते बघू. १९८० च्या दशकात जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाच्या इंजिनिअरने ही मेमरी बनवली. एका झटक्यात मोठा भाग पुसला जातो, म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. गंमत म्हणजे या मेमरीची सगळी दुखणी त्या नावातच आहेत.

असं समजा, एक शाळेतला फळा आहे. त्याच्यावर खडूने कुठेही, मोकळ्या जागी, एक ओळ लिहिता येते. पण डस्टर असा आहे की पुसायचं तर आख्खा फळा पुसायचा. मधलीच एक ओळ पुसून तिथे नवी लिहिणं नाहीच. शिवाय दर पुसण्याला फळ्याचा काळा रंग थोडा थोडा उडतो. चांगल्या, जुन्या पद्धतीच्या फ्लॅशमध्ये एक भाग साधारण लाखभर वेळा पुसता येतो. स्वस्त कार्डात एकाच सेलमध्ये तीन-तीन बिट कोंबलेले असतात, तिथे हा आकडा हजाराच्या आसपास येतो.

मग तुम्ही फाइलमध्ये एक अक्षर बदललं तर? कार्डाच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो, हो, त्या नखाएवढ्या कार्डात. तो बदललेला मजकूर दुसऱ्या मोकळ्या फळ्यावर लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो की अमुक माल आता तिकडे गेला. मोकळे फळे संपत आले की अर्धवट भरलेल्या फळ्यांवरचा कामाचा मजकूर एकत्र करून दुसरीकडे उतरवतो आणि जुने पुसतो. हे सगळं तो न सांगता, स्वतःच्या वेळेने करतो. लिनक्सला यातलं काही दिसत नाही. लिनक्सला वाटतं, आपण एका सरळ डिस्कवर लिहितोय.

आता मी काय केलं होतं? दर पाच सेकंदांनी एक नोंद, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये. दिवसाला १७,२८० नोंदी. एक नोंद साधारण ४० बाइटची, म्हणजे दिवसाचा खरा माल ७०० केबीसुद्धा नाही. पण एसक्यूलाइट आपलं काम चोख करतं. आधी जर्नल फाइल लिहितं, ती कार्डावर पोचल्याची खात्री करतं, मग डेटाबेसमध्ये लिहितं, पुन्हा खात्री, मग जर्नल काढून टाकतं. फाइल सिस्टिमचं स्वतःचं जर्नल वेगळंच. प्रत्येक वेळी कमीत कमी ४ केबीचा ब्लॉक जातो. नोंदीमागे पाच ब्लॉक धरा, तरी दिवसाला ३०० एमबीच्या वर. ७०० केबीसाठी! आणि हे कार्डाच्या दारापर्यंतचं झालं. आत तो छोटा प्रोसेसर आणखी किती उचलठेव करतो ते वेगळं.

मी पण आधी हाच निष्कर्ष काढला, की बघा, लिहून लिहून कार्ड झिजलं. इंटरनेटवर सगळे हेच सांगतात. पण गणित करून बघा. १६ जीबीचं कार्ड, हजार वेळा पुसता येतं, म्हणजे ढोबळमानाने १६ हजार जीबी. आतली उचलठेव दहापट धरली तरी दिवसाला तीन-साडेतीन जीबी. महिन्याभरात मरायचं कारणच नाही, काही वर्षं निघाली पाहिजेत.

कार्डं मरत होती ती लाईटमुळे.

पंपाच्या खोलीतली लाईट. दिवसातून चार-पाच वेळा जायची, यायची. पाय बंद करायचं बटण नाही, कुणाला सांगायला वेळ नाही, धाडकन बंद. आणि मी दर पाच सेकंदांना लिहीत होतो, म्हणजे लाईट जाईल तेव्हा कार्ड काहीतरी लिहीत असण्याची दाट शक्यता. आता तो आतला प्रोसेसर आठवा. तो फळे हलवत असताना, वहीत नोंद करत असतानाच वीज गेली तर शेवटची नोंद जाते, एवढंच नाही. त्याच फळ्यावर शेजारी जे पडलं होतं तेही जाऊ शकतं. ज्या फाइलला महिनाभर कुणी हात लावलेला नाही, अशी सिस्टिमची फाइल तुटते. माझ्या पहिल्या कार्डात तेच झालं होतं. तापमानाचे आकडे बऱ्यापैकी शाबूत होते, पण लिनक्सच चालू होत नव्हतं. तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं, पण मी पुढे विचार केला नाही.

तिसऱ्या कार्डाची तर वेगळीच तऱ्हा. ते म्हणे चालू. फाइल पुसली, पुसली गेली. नवी टाकली, दिसली. कार्ड काढून परत लावलं, पुसलेली फाइल हजर आणि नवी गायब! काही कार्डं हार मानताना असं करतात, लिहिणं आतून बंद करतात आणि तोंडावर ‘हो हो’ म्हणत राहतात. तासभर मला वाटलं मलाच झोप हवी आहे.

त्या रात्री मी घरी बसलो होतो आणि लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. हॉलच्या कोपऱ्यातला राउटर नेहमीसारखा मिनिटभरात चालू झाला. आणि मी त्याच्याकडे बघत बसलो. सात वर्षं झाली त्याला. त्यातही लिनक्सच आहे. त्यातही फ्लॅशच आहे, ती पण फक्त १६ एमबी. हा हजार वेळा तरी असा धाडकन बंद झाला असेल. हा का मरत नाही?

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तो मजेदार आहे. लिंक्सिस कंपनीने २००२ च्या डिसेंबरात डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर काढला. ४ एमबी फ्लॅश, १६ एमबी रॅम. ४ एमबी म्हणजे आज तुमच्या फोनने काढलेला एक फोटो. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की याच्या आत लिनक्स चालतंय. लिनक्स जीपीएल परवान्याखाली येतं, म्हणजे वस्तू विकलीत तर त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही मागणाऱ्याला द्यावा लागतो. तोवर सिस्कोने लिंक्सिस विकत घेतलेली होती. कोड बाहेर आला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. नावातलं डब्ल्यूआरटी त्या राउटरचंच. पुढे २००५ मध्ये कंपनीने पाचव्या आवृत्तीत फ्लॅश २ एमबी आणि रॅम ८ एमबी केली, लिनक्स काढून दुसरी सिस्टिम घातली. लोक नाराज झाले. मग जुन्या अंगाचा वेगळा राउटर काढावा लागला, डब्ल्यूआरटी५४जीएल. शेवटचा एल लिनक्सचा.

तर ४ एमबीत लिनक्स कसं बसवायचं, हे या लोकांनी अगदी कंजूष गृहिणीसारखं सोडवलं. शेकडो छोट्या कमांडी वेगवेगळ्या ठेवायच्याच नाहीत, बिझीबॉक्स नावाच्या एकाच प्रोग्रॅममध्ये सगळ्या. आणि सगळी सिस्टिम स्क्वॉशएफएस नावाच्या फाइल सिस्टिममध्ये घट्ट दाबून भरायची. लोणच्याची बरणी भरतात तशी. एकदा झाकण लावलं की फक्त वाचायचं. तिच्यात लिहिताच येत नाही. लाईट गेली काय, राहिली काय, जिथे कुणी लिहीतच नाही तिथे तुटणार काय?

पण वायफायचा पासवर्ड तर बदलावा लागतो. त्यासाठी उरलेल्या फ्लॅशवर एक छोटी लिहिण्याजोगी फाइल सिस्टिम, आणि ती या बरणीवर पारदर्शक कागदासारखी अंथरलेली. याला ओव्हरले म्हणतात. बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसतं. बदल केला की तो कागदावर होतो, खालचं तसंच. राउटरच्या मागचं रीसेटचं बारीक बटण तुम्ही पिनेने दाबता, ते हा वरचा कागद फाडून टाकतं. बस. म्हणून तो एका मिनिटात कोरा होतो.

याचा एक उलटा परिणाम पण आहे. मूळ सिस्टिममधला प्रोग्रॅम काढून टाकला तर जागा वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. कारण बरणीतून काही निघत नाही, वरच्या कागदावर फक्त ‘हे नाही असं समजा’ अशी चिठ्ठी लागते. मी स्वतः एकदा जागा करायला म्हणून चार-पाच पॅकेजेस काढली होती आणि मग डोकं खाजवत बसलो होतो.

आणि लॉग? ओपनडब्ल्यूआरटी लॉग फ्लॅशवर लिहीतच नाही. रॅममध्ये ठेवतं, जागा भरली की जुन्यावर नवं. लाईट गेली की लॉग गेला. त्यांनी ठरवलंय की तो गेला तरी चालतो.

तुमचा फोन पण याच घरातला आहे बरं का. अँड्रॉइडची सिस्टिम ज्या भागात असते तो फक्त वाचायचा, तुमचे फोटो आणि अॅप वेगळ्या भागात. फॅक्टरी रीसेट म्हणजे तो दुसरा भाग पुसणं. आणि त्या दुसऱ्या भागासाठी बऱ्याच फोनमध्ये एफटूएफएस असते, सॅमसंगने खास फ्लॅशसाठी बनवलेली फाइल सिस्टिम. ती २०१३ मध्ये लिनक्समध्ये आली.

तर मी जानेवारीत मामांकडे गेलो आणि आधी कॉम्प्युटर उघडलाच नाही. चहा घेताना विचारलं, ‘मामा, लाईट गेल्यावर किती वेळाचे आकडे गेले तर चालतील तुम्हाला?’

मामा म्हणाले, ‘अर्ध्या तासाचं गेलं तर काय होतंय? आख्खी रात्र जाऊ नये, एवढंच.’ मग थोडं थांबून, ‘आणि ते पाच-पाच सेकंदाला काय मोजतोस रे? पाच सेकंदांत पानं काय वाळतात का?’

आता यावर मी काय बोलणार!

मग बदल केले. नोंद मिनिटाला एक. ती रॅममध्ये ठेवायची, अर्ध्या तासाने एकदा फाइलमध्ये उतरवायची. ३० नोंदी म्हणजे १,२०० बाइट, एका ४ केबी ब्लॉकमध्ये आरामात मावतात. एसक्यूलाइट काढलं, साधी मजकुराची फाइल ठेवली, रोज नवी. एखादी तुटली तर एकच दिवस जाईल. दिवसाला १७,२८० वेळा लिहिणं होतं, ते ४८ वेळा झालं. लिनक्सचा लॉग रॅममध्ये, स्वॅप बंद. आणि कोण गुपचूप लिहितंय ते बघायला आयओटॉप नावाची कमांड रात्रभर चालू ठेवली. दोन असे प्रोग्रॅम सापडले जे मला ठाऊकच नव्हते.

सिस्टिमचं कार्ड फक्त वाचायचं केलं. रास्पबेरी पाय ओएसमध्ये रास्पी-कॉन्फिग उघडलं की परफॉर्मन्सच्या पर्यायांत ओव्हरले फाइल सिस्टिम असतं, ते चालू करायचं. वरचा कागद इथे रॅममध्ये असतो, रीबूट केलं की कोरा.

आकडे कुठे? मी आधी त्याच कार्डाचे दोन विभाग करणार होतो. मग लक्षात आलं की विभाग लिनक्सच्या डोळ्यांना वेगळे, कार्डातल्या त्या छोट्या प्रोसेसरला नाहीत. तो दोन्हींचा माल एकाच फळ्यावर ठेवू शकतो. मग काय उपयोग? म्हणून आकड्यांसाठी एक जुना पेन ड्राइव्ह लावला. मेला तर पेन ड्राइव्ह मरेल, डबडं उठेल तरी. हे करणार असाल तर एक तपासा: काही वेळा ओव्हरले पेन ड्राइव्हवरही बसतो आणि तुम्हाला वाटतं फाइल लिहिली गेली. एक फाइल लिहा, वायर ओढा, परत लावा, फाइल आहे का बघा. मी वायर पंचवीसेक वेळा ओढली. मामी म्हणाल्या, ‘अरे, मोडायला आलास की नीट करायला?’

दोन गोष्टी तरी चुकल्याच.

पहिली, घड्याळ. पाय झिरोमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. तो वेळ इंटरनेटवरून घेतो, आणि नेट नसेल तर कार्डावर शेवटची वेळ लिहून ठेवतो, तिथून पुढे मोजतो. पण आता कार्डावर लिहिणंच बंद! म्हणजे दर वेळी लाईट आली की डबड्याला वाटायचं, आज मी ओव्हरले चालू केला तोच दिवस आहे. मामांचा फोन, ‘आज चौथ्यांदा अकरा तारीख आली बघ.’ डीएस३२३१ नावाचं एक छोटं घड्याळाचं मॉड्यूल मिळतं, मागे बटण सेल. ते लावलं, प्रश्न मिटला. पण त्या दहा दिवसांचे आकडे मी मामांच्या वहीतल्या लाईट गेल्या-आल्याच्या आठवणींवरून जुळवत बसलो होतो.

दुसरी, रॅम. वरचा कागद रॅममध्ये आहे म्हटल्यावर तो भरू शकतो, हे मी विसरलो. वेब सर्व्हरचा लॉग हळूहळू वाढत गेला आणि पाच आठवड्यांनी डबडं गुदमरलं. मामांनी वायर काढून लावली, चालू. मी लॉग बंद केला. मामांना मात्र आता वाटतं की महिन्यातून एकदा वायर काढलीच पाहिजे, आणि मी त्यांना अडवत नाही.

कार्ड घेताना एवढंच बघा की ते बनावट नाही ना. पाकिटावर ६४ जीबी आणि आत ८, अशी कार्डं सर्रास मिळतात. लिनक्सवर एफथ्री नावाचं साधन आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. आणि कुणी म्हणेल, पॉवर बँक लाव की सरळ. लावून बघितली. लाईट जाताना-येताना ती क्षणभर आउटपुट तोडायची आणि पाय तेवढ्यात बंद. सगळ्या तशा नसतील, माझी होती.

अजून कटकट आहेच. अपडेट करायचं तर ओव्हरले बंद करा, रीबूट, अपडेट, परत चालू, परत रीबूट. आकड्यांची प्रत मी जाईन तेव्हाच घेतली जाते. पण चौथं कार्ड अजून तेच आहे. गेल्या ऑक्टोबर छाटणीपासून फेब्रुवारीपर्यंत एकही रात्र पूर्ण गेलेली नाही. सगळ्यात मोठा खड्डा २८ मिनिटांचा आहे, तो पण दुपारचा.

परवा मामांचा परत फोन आला. ओढ्याकडच्या तुकड्यात दव जास्त पडतं म्हणे, तिकडे पण एक डबडं हवं. तिथे लाईटच नाही. सोलर पॅनेल आणि बॅटरीवर काय जमतंय ते बघतोय, तुमच्यापैकी कुणी केलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात.